मोहीम यशस्वी झाली म्हणजे नेमकं काय झालं?

नाशकात आरोग्याची एखादी मोहीम फेल गेली अशी बातमी तुम्ही कधी वाचलीय का? मी तरी नाही वाचली. गोल्फ क्लब मैदानावरून रॅली निघते, टोप्या-टीशर्ट वाटले जातात, कुणीतरी झेंडा दाखवतं, शपथ होते आणि दुसऱ्या दिवशी पेपरात 'उत्स्फूर्त प्रतिसाद'. म्हणजे मोहीम ज्या दिवशी सुरू झाली त्याच दिवशी यशस्वीपण झाली. मग मार्चएंडला अहवाल, त्यात इतकी शिबिरं, इतके लाभार्थी, इतकी माहितीपत्रकं, इतक्या शाळा, सोबत फोटो. हे सगळं खोटं असतं असं मी अजिबात म्हणत नाहीये, माणसं खरंच राबलेली असतात, आशाताई आणि अंगणवाडीताई तर उन्हातान्हात वणवण करतात. पण कुणाची तब्येत सुधारली का, आणि सुधारली असेल तर ती या मोहिमेमुळेच का, एवढंच नेमकं त्या अहवालात नसतं.

यावर लोक म्हणतात, अहो यात विचारायचं काय, हात धुणं चांगलं, चालणं चांगलं, हे अजून सिद्ध करायचं राहिलंय का? आणि माझ्या मते सगळा घोळ इथेच आहे. एखादी गोष्ट चांगली आहे याचा पुरावा वेगळा आणि त्या गोष्टीसाठी काढलेली मोहीम चालते याचा पुरावा वेगळा.

हेल्मेटचंच घ्या. जगभरातल्या अभ्यासांचा एकत्र आढावा २००८ साली आला, त्यात दुचाकीच्या अपघातात हेल्मेटमुळे मरणाचा धोका साधारण ४२ टक्के आणि डोक्याला मार लागण्याचा ६९ टक्के कमी होतो असं निघालं. बरं, मग हेल्मेट चालतं, तो वाद संपला (नाशकात तो कधीच संपणार नाही हे माहितीये मला). पण २०२१ च्या १५ ऑगस्टपासून आपल्याकडे 'हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही' सुरू झालं होतं, ती मोहीम चालली का, हे त्या ४२ टक्क्यांवरून कसं कळणार? पंपावर मागच्याचं हेल्मेट मागून घ्यायचं, डोक्यावर टेकवायचं, टाकी भरली की परत करायचं, हा प्रकार ज्याला सुचणार नाही तो नाशिककर कसला. पंपावर मोजलं तर सगळ्यांच्या डोक्यावर हेल्मेट. मोजायला पाहिजे होतं ते रात्री अकरा वाजता मुंबई-आग्रा रोडवर, आणि त्याहून जास्त हॉस्पिटलच्या अपघात विभागात डोक्याला मार लागून आलेल्यांच्या रजिस्टरमध्ये.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. ओडिशात शंभर गावं घेऊन संडासांच्या सरकारी कार्यक्रमाची रीतसर तपासणी झाली होती, निष्कर्ष २०१४ ला छापून आले. पन्नास गावांत कार्यक्रम आधी, पन्नासांत नंतर. कार्यक्रमाच्या गावांत संडास असलेली घरं सरासरी ९ टक्क्यांवरून ६३ टक्क्यांवर गेली. आपल्या पद्धतीच्या अहवालात हे 'भरघोस यश' म्हणून गेलं असतं आणि पुरस्कारपण मिळाला असता. पण तिथे लहान मुलांचे जुलाब पण मोजले होते, आणि ते कमीच झाले नाहीत. दोन्हीकडच्या गावांत सारखेच. संडास बांधले गेले पण घरातले सगळे ते वापरत नव्हते, काही बांधकामं अर्धवट, लहान मुलांची शी तशीच उघड्यावर. आता यावरून 'संडास बांधू नका' असा अर्थ काढणारा माणूस मूर्ख म्हणायचा, संडासाची गरज बायकांना विचारा. पण 'संडास बांधले म्हणजे जुलाब थांबले' हे गृहीत धरणंही तितकंच चूक.

याच्या उलट कराचीचा साबणाचा अभ्यास बघा, २००५ साली आलेला. तिथल्या वस्त्यांमध्ये हात धुण्यामुळे मुलांचे जुलाब आणि न्यूमोनिया दोन्ही जवळजवळ निम्म्यावर आले. वा! पण तिथे केलं काय होतं? कार्यकर्ते आठवड्याला घरी यायचे, साबण फुकट द्यायचे, वर्षभर. आपण काय करतो, १५ ऑक्टोबरला हात धुवा दिन, शाळेच्या पटांगणात रांग, सरांचं भाषण, फोटो, आणि सोमवारी शाळेच्या नळाला पाणी नाही. पुरावा मात्र कराचीचा दाखवायचा. त्यांचं औषध आपण शंभरपट पातळ करून दिलं आणि गुण तेवढाच येणार म्हणून बसलोय.

आता दुसरी भानगड, ती जास्त फसवी आहे. सातपूर-अंबडच्या कंपन्यांमध्ये हल्ली वेलनेस प्रोग्राम असतात, योगा, स्टेप काउंट चॅलेंज, वजन कमी करायची स्पर्धा, आणि वर्षाच्या शेवटी एचआरवाले स्लाईड दाखवतात की ज्यांनी भाग घेतला त्यांच्या सिक लीव्ह कमी, मेडिकल बिलं कमी. आकडे खरे असतात. पण स्टेप काउंट चॅलेंजला नाव कोण देतं? जो आधीच पहाटे उठून कॉलेज रोडला चालायला जातो तो. ज्याची शुगर तीनशेला टेकलीय, डबल शिफ्ट करतोय आणि घरी म्हातारी आई अंथरुणाला खिळलीय तो नाही देत नाव. मग तुम्ही प्रोग्रामचा परिणाम मोजला की कुठल्या स्वभावाची माणसं नाव देतात ते मोजलं?

अमेरिकेत इलिनॉय युनिव्हर्सिटीत हे फार छान तपासलंय. २०१६ ला सुरू केलं, जवळजवळ पाच हजार कर्मचारी, कुणाला प्रोग्राममध्ये घ्यायचं ते लॉटरीने ठरवलं. मग एकाच डेटाकडे त्यांनी दोन पद्धतीने बघितलं. नेहमीसारखं, भाग घेणारे विरुद्ध न घेणारे असं बघितलं तर प्रोग्राम एकदम भारी, खर्च कमी, तब्येत चांगली. पण लॉटरी लागलेले विरुद्ध न लागलेले असं बघितलं तर वैद्यकीय खर्चात, सुट्ट्यांमध्ये, जिमला जाण्यात म्हणावा असा फरकच नाही. डेटा तोच, माणसं तीच, फक्त तुलना कुणाशी केली ते बदललं आणि निकाल उलटा. मला विचाराल तर आरोग्य खात्यात प्रत्येक नव्या अधिकाऱ्याला ही एक गोष्ट पहिल्याच दिवशी सांगायला हवी.

पण कंपन्यांचं सोडा, त्यांचे पैसे ते बघतील. मला खरी काळजी वाटते ती पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या भागातल्या कुपोषणाच्या कार्यक्रमांची, कारण तिथे पैसे आपले आणि पोरंही आपली. तिथे दरवर्षी साधारण काय होतं बघा. पावसाळ्यात वजनं घेतली जातात, सॅम-मॅमची (म्हणजे तीव्र आणि मध्यम कुपोषित) मुलं काढली जातात, ग्राम बाल विकास केंद्र सुरू होतं, महिनाभर मुलांना दिवसातून अनेक वेळा खाऊ घातलं जातं, औषधं दिली जातात, आणि मग काही महिन्यांनी परत वजन, आणि अहवालात येतं की इतक्या मुलांची श्रेणी सुधारली.

सुधारली असेलच. पण नीट विचार करा. ऑगस्ट-सप्टेंबर हा त्या भागातला सगळ्यात वाईट काळ, घरातली नागली आणि भात संपत आलेला, नवीन पीक अजून शेतात उभं, आई दिवसभर चिखलात, आणि पोराला जुलाब नाहीतर ताप. त्या वेळी वजन केलं तर ते कमीच भरणार. दिवाळीनंतर घरात धान्य येतं, पाऊस संपतो, जुलाब कमी होतात. म्हणजे कार्यक्रम नसता तरी जानेवारीत त्यातली बरीच मुलं वर आली असती. त्यात आणखी एक गोष्ट, तुम्ही मुद्दाम निवडली कोण तर त्या दिवशी ज्यांचं वजन सगळ्यात कमी होतं ती मुलं. माणूस सगळ्यात वाईट दिवशी मोजला की पुढचं माप बहुतेक वेळा बरंच येतं, त्याला काहीही न देता. हा काही कुणाचा लबाडपणा नाही, मोजण्याची रीतच तशी आहे.

आणि मग स्थलांतर. ऑक्टोबर छाटणीला पेठ-सुरगाण्याची माणसं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत जातात, कुणी नाशकात बांधकामावर, कुणी गुजरातकडे, आणि पोरं सोबत. दुसऱ्या वजनाला ती गावात नसतात. अंगणवाडीताई रजिस्टरला 'स्थलांतरित' लिहिते, तिच्याकडे दुसरा इलाजच नाही. पण जातात कोण? ज्यांच्याकडे जमीन नाही, धान्य नाही, म्हणजे ज्यांची मुलं घसरायचा धोका सगळ्यात जास्त. ती मोजणीतून बाहेर पडली की उरलेल्यांची सरासरी आपोआप चांगली दिसायला लागते. तालुक्याची टक्केवारी सुधारली आणि सगळ्यात खंगलेलं पोर ओझरजवळच्या एखाद्या बागेच्या बांधावर झोळीत आहे, असं होऊ शकतं ना? शकतं काय, होतच असणार.

राज्याच्या पातळीवर पण हेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची खुजी मुलं २००५-०६ ला ४६.३ टक्के होती, २०१५-१६ ला ३४.४. मोठीच घट. त्या काळात पोषण मिशन चालू होतं, त्याला श्रेय मिळालं, थोडंफार रास्तही असेल. पण त्याच दहा वर्षांत उत्पन्न वाढलं, मुली शिकल्या, लग्नाचं वय पुढे गेलं, रस्ते झाले. आणि मग २०१९-२१ ला आकडा ३५.२, म्हणजे जागच्या जागी, उलट किंचित वर, आणि या वेळी कार्यक्रम तर आधीपेक्षा जास्त होते! उतरला की आमच्यामुळे, अडकला की परिस्थितीमुळे, असं दोन्ही बाजूंनी नाही चालत.

मग काय सगळं थांबवून दहा वर्षं अभ्यास करत बसायचं? नाही ना. माझं म्हणणं खूप साधं आहे आणि त्याला फारसे जास्तीचे पैसे पण लागत नाहीत. कुठलाही नवा कार्यक्रम जिल्ह्यात एकाच दिवशी सगळीकडे सुरू होऊच शकत नाही. किट येत नाहीत, ट्रेनिंग होत नाही, निधी दोन टप्प्यांत येतो. म्हणजे काही गावांत आधी आणि काही गावांत सहा महिन्यांनी असं होणारच आहे. आज ती आधीची गावं कशी ठरतात? रस्त्यालगतची, जिथले डॉक्टर उत्साही आहेत, जिथले सदस्य वजनदार आहेत. त्याऐवजी चिठ्ठ्या टाका. जिल्ह्यात १५ तालुके, प्राथमिक आरोग्य केंद्रं शंभराच्या आसपास, उपकेंद्रं तर काहीशे. सगळी एका डब्यात, पहिल्या निम्म्या चिठ्ठ्या पहिल्या टप्प्यात, बाकीच्या दुसऱ्या. दोन्हीकडे त्याच महिन्यात, त्याच पद्धतीने वजन घ्या, स्थलांतरित मुलं शोधून त्यांचंही घ्या. ऋतूचा प्रश्न सुटला, कारण पाऊस दोन्हीकडे सारखा. वाईट दिवशी मोजण्याचा प्रश्न सुटला, कारण ते पण दोन्हीकडे सारखंच. जो फरक उरेल तो बऱ्यापैकी कार्यक्रमाचा. (महापालिकेत हे विभागवार करू नका मात्र, विभाग सहाच आहेत, सहा चिठ्ठ्यांवरून काहीच कळत नाही, तिथे वस्त्या नाहीतर अंगणवाड्या घ्याव्या लागतील.)

मेक्सिकोने १९९७-९८ ला हेच केलं. गरीब घरांतल्या आयांना पैसे द्यायचे, अट एवढीच की मुलं शाळेत आणि दवाखान्यात गेली पाहिजेत. ५०६ गावं घेतली, ३२० मध्ये आधी सुरू केलं, १८६ मध्ये नंतर, क्रम लॉटरीने. मुलांचं आजारपण कमी झालेलं दिसलं. २००० साली सरकार बदललं, दुसऱ्या पक्षाचा राष्ट्राध्यक्ष आला, तरी कार्यक्रम बंद झाला नाही, उलट वाढवला, आणि त्यात या निकालांचा मोठा वाटा होता. नाव तिथेही बदललं, पण काम चालू राहिलं.

आणि परदेशात कशाला जायचं, गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी नवजात बाळांच्या घरच्या घरी देखभालीचं जे काम केलं त्यात ३९ गावांत देखभाल होती आणि ४७ गावं तुलनेला होती. १९९९ ला निष्कर्ष आले, नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी. तुलनेची गावं नसती तर 'काळानुसार कमी झाले असतील' म्हणून कुणीही ते उडवून लावलं असतं. आज आपल्या आशाताई बाळंतिणीच्या घरी ज्या ठरलेल्या भेटी देतात, २०११ पासून देशभर चालू आहेत त्या, त्यांचं मूळ तिथे आहे.

दुसरी एक चांगली गोष्ट मोजणीमुळे होते, ती म्हणजे आपली समजूत चुकीची आहे हे कळतं. उदयपूरच्या खेड्यांत लसीकरणाचा अभ्यास झाला, २०१० ला आला. आपल्याकडे मुलांना लस दिली नाही की लगेच 'लोकांमध्ये जागृती नाही' म्हणतात आणि पथनाट्य बसवतात. तिथे १३४ गावांत तपासलं. जिथे काहीच नवीन केलं नाही तिथे पूर्ण लसीकरण ६ टक्के. जिथे दर महिन्याला ठरलेल्या दिवशी शिबिर नक्की भरणार एवढीच खात्री दिली तिथे १८. आणि जिथे त्यासोबत दर लसीला एक किलो डाळ आणि शेवटी ताटांचा सेट दिला तिथे ३९. डाळ वाटूनसुद्धा दर मुलामागचा खर्च निम्म्यावर आला, कारण नर्स दिवसभर बसणारच असते, चार मुलं आली काय आणि चौदा आली काय. आता कुणी म्हणेल ही लाच झाली. असू दे की. एका मजुराची दिवसाची रोजी बुडते तेव्हा आपण त्याला जागृतीचं भाषण देतो, त्यापेक्षा डाळ बरी. मालेगावला लसीकरण कमी पडतं म्हणून वर्षानुवर्षं तेच भोंगे आणि तीच पत्रकं चालू आहेत, तिथे निदान दोन-तीन वेगळे प्रकार वेगवेगळ्या वॉर्डांत शेजारी शेजारी करून बघायला काय हरकत आहे?

नैतिकतेचा आक्षेप मात्र मी हलक्यात घेत नाही. काही गावांना द्यायचं आणि काहींना नाही, हे बरोबर आहे का? आपल्याच उस्मानाबाद म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा मोठा अभ्यास झाला, १ लाख ३१ हजारांवर बायका, गावांचे ५२ गट. २००९ ला निष्कर्ष आले, एचपीव्ही (या कर्करोगाला कारण ठरणारा विषाणू) तपासणी आयुष्यात एकदा केली तरी त्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्मे होतात, अभ्यासातल्या तपासणीच्या बाकीच्या दोन पद्धतींनी मृत्यूंमध्ये तशी ठोस घट दिसली नाही. जगभर त्या माहितीचा उपयोग झाला. पण त्यात एका गटातल्या बायकांची तपासणीच नव्हती आणि त्यावर नंतर जोरदार टीका झाली, आणि माझ्या मते ती टीका बरोबर होती, काहीतरी उपयोगी पडतं हे आधीपासून माहीत असताना हजारो बायकांना काहीच न देता वर्षानुवर्षं नुसतं बघत राहणं पटत नाही. म्हणूनच मी म्हणतो ते वेगळं आहे. कुणालाही वगळायचं नाही, फक्त पहिला नंबर कुणाचा ते वशिल्याऐवजी चिठ्ठीने ठरवायचं. आजही सुरगाण्याच्या टोकाच्या पाड्याला सगळं शेवटीच मिळतं, आणि ते ठरवताना कुणी नैतिकतेचा प्रश्न विचारत नाही.

आणि हो, प्रत्येक गोष्टीला चिठ्ठ्या नाही लागत. तंबाखूवरचा कर, पाकिटावरची ८५ टक्के जागा व्यापणारी चित्रं, हे वॉर्डावॉर्डात वाटून करता येत नाही. २०२७ चा सिंहस्थ कुंभमेळा तर एकच आहे, अर्ध्या रामकुंडावर क्लोरीन आणि अर्ध्यावर नाही असं कोण करेल. पण तिथेही तुलना आधीच ठरवता येते. मागच्या पाच-सहा वर्षांची जुलाब, कावीळ, टायफॉईडची आठवडावार आकडेवारी आत्ताच काढून ठेवा, आणि सिंहस्थाच्या आठवड्यांत ती रेषा कुठे जाते बघा. २०१५ च्या सिंहस्थात तात्पुरत्या दवाखान्यांमधली रुग्णनोंद टॅबलेटवर रोजच्या रोज घ्यायचा प्रयोग झालाच होता, म्हणजे जमतं. नाहीतर 'साथ आली नाही' एवढंच प्रमाणपत्र आपण स्वतःला देऊन टाकणार, साथ तशीही आली असती का हे न बघता.

हे सगळं करणार कोण, असं विचारतात. अहो, १९९८ ला स्थापन झालेलं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच म्हसरूळला आहे. राज्यभरातले एमडीचे विद्यार्थी दरवर्षी थिसिस करतात आणि त्यातले कित्येक 'अमुक गावातल्या लोकांचं ज्ञान, दृष्टिकोन आणि आचरण' या साच्यातले असतात, कपाटात जातात ते कुणीही परत उघडत नाही. त्यातल्या थोड्यांना जिल्हा परिषदेच्या चालू कार्यक्रमाची दुसरी मोजणी द्या. मोजणारा आणि राबवणारा वेगळा पाहिजे, एवढं तर पक्कं. ज्या ताईचं मानधन आणि इज्जत त्या आकड्यावर ठरते तिलाच तो आकडा लिहायला लावणं हा तिच्यावरपण अन्याय आहे. बांगलादेशात ब्रॅक या स्वयंसेवी संस्थेने १९८० पासून घरोघरी आयांना जुलाबावरचं मीठ-गुळाचं पाणी शिकवलं तेव्हा कार्यकर्तीचे पैसे किती घरी गेली यावर नव्हते, नंतर दुसरं माणूस जाऊन काही घरं निवडून विचारायचं, आईला किती आठवतंय, त्यावर होते. आणि पुढे त्यांना हेही कळलं की आठवतं सगळं पण वापरत फार कमी जणी, मग त्यांनी पद्धत बदलली, पुरुषांनापण सांगायला लागले. हे कळलं कारण कुणीतरी परत जाऊन विचारलं.

राहिला प्रश्न निकाल वाईट आला तर. ही खरी भीती आहे आणि ती फक्त आपल्या पुढाऱ्यांना असते असं नाही. उत्तर प्रदेशात दहा लाख मुलांवर अ जीवनसत्त्वाच्या डोसचा आणि जंतांच्या गोळ्यांचा अभ्यास २००४ ला संपला, अपेक्षेएवढा फायदा दिसला नाही, आणि तो छापून यायला २०१३ उजाडलं. त्या अभ्यासाच्या अंमलबजावणीवर आक्षेप होते, ते असू देत, पण एवढी वर्षं? आपल्याकडे तर अधिकाऱ्याची बदली दोन-तीन वर्षांत होते, कार्यक्रमाचा निकाल यायच्या आत तो दुसऱ्या जिल्ह्यात, त्यामुळे निकालाची वाट बघण्यात त्याला रसच नसतो, त्याला उद्घाटनात रस असतो आणि त्याच्या जागी मी असतो तरी वेगळं काही केलं नसतं. म्हणून ही तुलना कुणाच्या मर्जीवर ठेवूच नये. काय मोजणार, कुठे, कोण, कधी, आणि किती फरक दिसला तर पुढच्या वर्षी पैसे द्यायचे, हे कार्यक्रमाला मंजुरी देणाऱ्या ठरावातच लिहून टाकायचं, त्या दुसऱ्या मोजणीचा निधी त्याच दिवशी वेगळा काढायचा, आणि ठराव जिल्हा परिषदेच्या वेबसाईटवर टाकायचा, म्हणजे मागून येणाऱ्या साहेबांना ती मोजणी गुंडाळायची असेल तर निदान लेखी कारण द्यावं लागेल.